घरबसल्या

‘घरबसल्या पैसे मिळवा’ अशी जाहिरात लोकलच्या डब्यात चिकटवलेली दिसली की मला त्या शब्दाची मोठी गंमत वाटते. मी मराठी शिकवतो, तेव्हा शब्द धरून बसण्याची खोड आहे ती आहेच. ‘घरबसल्या’ म्हटले की माणूस पाटावर मांडी घालून बसला आहे आणि पैसा आपल्या पायांनी जिना चढून येत आहे असे चित्र उभे राहते. उलट ‘त्याला घरी बसवला’ म्हटले की बिचाऱ्याची नोकरी गेली! २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुष्कळ नोकरदारांनी आपली कचेरी जेवणाच्या टेबलावर मांडली. पण पगार कचेरीचाच होता. ज्याला पगार नाही, ज्याचा धंदाच घरात आहे, त्याचा जम बसतो कशाने? मुंबईला हा प्रश्न नवा नाही. लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावातल्या एका गच्चीवर तो केव्हाच सोडवला गेला आहे, आणि सोडवणाऱ्या बायका होत्या.

माझी आजी लालबागला खाणावळ चालवी. मी ती पाहिलेली नाही. आईकडून ऐकले तेवढेच. दारावर पाटी नव्हती. एका खोलीचे बिऱ्हाड, त्यात घरची सहा माणसे आणि जेवायला बारा ‘मेंबर’. मेंबर म्हणजे गिरणीतले, बायकामुले कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेले. सकाळच्या पाळीचा भोंगा सातला, म्हणून आजीची चूल चारला पेटे. दुपारी ती पाळी सुटून दुसरी लागे, आणि रात्री उशिरा सुटून आलेल्यांना भाकरी गरमच लागे. मधल्या वेळात बाजार, निवडणे, पाट्यावर मसाला वाटणे. बसणे कुठेच नाही! आणि आईच्या शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहिले होते म्हणता? ‘काही नाही’.

बरे, कष्टांना फळ म्हणावे तर हिशेब असा : मेंबरांचे पैसे गिरणीचा पगार झाला म्हणजे यायचे. तांदूळ, रॉकेल, मासळी मात्र रोजची. तेव्हा महिनाभर वाण्याची उधारी. आणि उधार घेणाऱ्याला वाणी भाव चढाच लावणार, त्याला तराजूही जरा घाईने धरावासा वाटणार. मेंबर गावाला गेला की त्याचे खाडे कापायचे. बदली कामगाराला महिन्यात पंधरा दिवसच काम मिळाले, तर त्याचे अर्धे पैसे पुढच्या महिन्यावर. म्हणजे बारा पुरुषांना महिनाभर कर्ज देणारी पेढीच ती चालवीत होती, आणि त्या पेढीचे भांडवल होते तिच्या गळ्यातले डोरले. ते वर्षातून एकदा तरी सावकाराकडे जाऊन येई. आजीच्या हाताला चव होती की नाही, याचा या व्याजाशी काही संबंध नव्हता. घरचा धंदा बुडतो तो आळसाने, असे उपदेश करणारे सांगतात. मला तर तो पैसा उशिरा आल्याने बुडताना अधिक दिसतो.

हे दुखणे प्रेमाताई पुरव यांनी नेमके ओळखले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्त्या गिरणगावात कामगार चळवळीत होत्या. संप झाला की मेंबरांना उधारीवर जेवू घालण्यासाठी खाणावळवाल्या दागिने गहाण टाकतात आणि त्यांचे नाव मात्र कुठल्याच यादीत नसते, हे त्यांनी पाहिले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. गरिबाला कर्ज मिळेल असे सांगितले जात होते. पण भाड्याच्या खोलीतली, तारण नसलेली बाई बँकेच्या दारात एकटी गेली तर तिला कोण उभे करणार? तेव्हा बायकांचे गट झाले आणि त्या एकमेकींच्या हमीदार झाल्या. पहिल्या चौदा जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी दीड हजार रुपये मिळाले. रक्कम लहान, पण तेवढ्याने वाण्याकडे रोख टाकून भाव पाडून घेता येत होता. कर्जाच्या कागदावर धंद्याचे नाव लिहावे लागते, हेही काही थोडे झाले नाही.

गिरगावची गोष्ट याच्या सोळा वर्षे आधीची. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेच ‘लिज्जत’. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबले. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला : खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. मला या खाटेपेक्षाही अधिक कौतुक आहे ते पुढे बसलेल्या घडीचे. उडदाचे पीठ शाखेत मळायचे, भगिनींनी ते घरी न्यायचे, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणायचे, वजन करून द्यायचे आणि लाटण्याचे पैसे तिथेच घ्यायचे. घरात शिरते ते फक्त लाटणे. खरेदी, विक्री, उधारी उंबऱ्याबाहेरच राहते. आजीच्या खोलीत सगळेच शिरले होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पुष्कळसे गावी गेले ते परतलेच नाहीत. आजीच्या वहीत नऊ जणांची बाकी राहिली आणि खाणावळ मिटली. अन्नपूर्णाच्या बायकांनाही मेंबर राहिले नव्हते. पण त्या एकट्या नव्हत्या, त्यामुळे खाद्यपदार्थ करून पुरवण्याच्या कामाकडे त्यांना वळता आले.

आता लालबागला गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. मी दादरला राहतो. आमच्या मजल्यावरच्या वहिनी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे केलेल्या नोंदणीचा कागद त्यांनी दारातच चौकटीत लावला आहे. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत, आणि त्या वेळी बेल वाजवली तर दारही उघडत नाहीत. गणपतीत मी एकवीस मोदक सांगायला गेलो. बारा वर्षांचा शेजार, म्हणून जरा ऐसपैस उभा राहिलो.

“भाऊजी, निम्मे पैसे आधी,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, मी समोरच तर राहतो!”

“म्हणून तर. समोरच्याकडे मागायला मला नंतर संकोच वाटतो.”

मी पाकीट आणायला घरी गेलो.