एकट्याने भार चढविणे : फळी, दोर आणि पाठीचा कणा

प्रस्तुत लेखात एका साध्या दिसणाऱ्या कृतीचा विचार केला आहे. जमिनीवर पडलेली, सुमारे शंभर किलोग्रॅम वजनाची वस्तू टेम्पोच्या किंवा पिकअप गाडीच्या हौद्यात एकट्या माणसाने कशी चढवावी? अमेरिकेतील ग्रामीण भागात हा प्रश्न हरणाच्या शिकारीच्या संदर्भात विचारला जातो. तेथील शिकारी पुष्कळदा एकटाच रानात जातो आणि संध्याकाळी जड, लुळा पडलेला देह गाडीत कसा घालावा या विवंचनेत पडतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ-सांबरांची शिकार हा गुन्हाच असल्याने हा प्रश्न त्या रूपात उद्भवत नाही. मात्र लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे, दादरच्या मंडईत किंवा मशीद बंदरच्या गोदामांजवळ उभे राहिल्यास तोच प्रश्न पोते, पिंप, गाठ अशा रूपांत दिवसभर डोळ्यांसमोर सुटताना दिसतो. तो कसा सुटतो आणि सोडविणाऱ्याच्या शरीराला त्याची काय किंमत पडते, हे समजून घेण्यासाठी पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र आणि कामगार कायदा या तिन्ही शाखांकडे जावे लागते.

कार्य आणि बल

शंभर किलोग्रॅम वस्तुमान ०.८ मीटर उंच हौद्यात नेण्यासाठी लागणारे कार्य सुमारे ७८४ ज्यूल. ही ऊर्जा अगदीच क्षुल्लक आहे. कोणीही सुदृढ माणूस जिना चढून एक मजला वर जातो तेव्हा याहून अधिक कार्य करतो. अडचण कार्याची नसून बलाची आहे. जिना चढताना आपण आपला भार पायरीपायरीने उचलतो, पोते मात्र एकदम उचलावे लागते. म्हणून एकट्याने भार चढविण्याच्या साऱ्या युक्त्यांचे सार एकच : तेच कार्य अधिक अंतरावर पसरून बल कमी करणे.

यातील सर्वांत परिचित साधन म्हणजे फळी. हौद्याच्या फाळक्यापासून जमिनीपर्यंत २.४ मीटर लांबीची फळी टेकविली, तर उंची व लांबी यांचे गुणोत्तर एकास तीन होते. घर्षण नसते तर शंभर किलोग्रॅमऐवजी तेहतीस किलोग्रॅम-भाराइतक्या बलाने काम भागले असते. पाठ्यपुस्तक बहुधा येथे थांबते. प्रत्यक्षात गोणपाट आणि लाकूड यांच्यातील घर्षणांक ०.४ धरला, तर घर्षणापोटी आणखी अडतीस किलोग्रॅम-भार ओढावे लागतात आणि एकूण बल एकाहत्तरच्या घरात जाते. म्हणजे फळीने वाचविलेल्या बलातील निम्म्याहून अधिक वाटा घर्षण परत घेते. तरीही हमाल फळी वापरतो, आणि त्याचे कारण याच घर्षणात आहे. या उतरणीच्या कोनाची स्पर्शज्या ०.३५ असून ती घर्षणांकाहून कमी आहे. त्यामुळे मध्येच हात सोडून दम घेतला तरी पोते मागे घसरत नाही. एकट्या माणसाला ही सवड ओझे हलके होण्याइतकीच मोलाची असते.

पिंपाची गोष्ट उलट आहे. ते आडवे करून फळीवरून गडगडत नेल्यास घर्षणाचा जाच जवळजवळ नाहीसा होतो, पण हात सुटला की ते खाली येते. येथे दोराची एक जुनी रीत उपयोगी पडते. ती गोद्यांत आणि जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोराचे एक टोक हौद्याच्या आतल्या कडीला बांधावे, दोर फळीवरून खाली सोडून पिंपाखालून घ्यावा आणि वरून परत आणून दुसरे टोक हौद्यात उभे राहून ओढावे. पिंप येथे स्वतःच फिरती कप्पी बनते. उतरणीने एक तृतीयांश झालेले बल दोराने पुन्हा निम्मे होते आणि आदर्श स्थितीत सुमारे सतरा किलोग्रॅम-भार पुरतो. मोबदल्यात २.४ मीटर चढणीसाठी ४.८ मीटर दोर ओढावा लागतो. जड पिंपाला दोन दोर लावले तर ते तिरके होत नाही. प्रत्येक वळशागणिक मागे ठोकळा सरकविण्यासाठी मात्र दुसरा माणूस लागतो. तो नसेल तर दोराचे मोकळे टोक कडीला अडकवून मगच हात सोडावा.

हातगाडी ही याहूनही चतुर योजना आहे. मुंबईच्या लांब हातगाडीची दोन मोठी चाके मधोमध असतात. दांडी खाली टेकविली की गाडीचा पृष्ठभाग आपोआप उतरण होतो. पोते त्यावरून आसाच्या पलीकडे सरकविले की आस टेकू आणि सारी गाडी तरफ होते. दांडी थोड्याशा जोराने उचलली जाते. गाडीचा पृष्ठभाग हौद्याच्या उंचीशी जुळत असेल, तर पुढे उरते ते केवळ सपाट सरकविणे. उतरण, तरफ आणि वाहन अशी तिन्ही साधने एकाच लाकडी चौकटीत सामावणाऱ्या या वस्तूकडे अभियांत्रिकीच्या अध्यापनात फारसे कोणी पाहिलेले नाही, याचे नवल वाटते.

लुळा भार

ताठ वस्तू आणि लुळी वस्तू यांतील भेद वजनकाट्यावर दिसत नाही. शंभर किलोची पेटी हौद्याच्या कडेला टेकवून उभी केली, तर तिचे खालचे टोक उचलण्यास साधारण निम्मे बल पुरते. उरलेला भार कड पेलते. हरणाचा देह, धान्याचे सैल भरलेले पोते किंवा बेशुद्ध माणूस यांना हे लागू पडत नाही. एक टोक उचलले की मधला भाग खाली लोंबतो, गुरुत्वमध्य जागा बदलतो आणि हाताला धरण्याजोगे काही सापडत नाही. यावर उपाय दोन. पहिला, देहाला कृत्रिम ताठपणा देणे : तो फळीवर किंवा जाड ताडपत्रीवर ठेवून बांधणे, पाय एकत्र आवळणे. दुसरा, भार तुकड्यातुकड्याने वर नेणे : आधी पुढचा भाग हौद्यात घालून बांधायचा, मग मागचा उचलायचा. पोत्याच्या बाबतीत हमाल पहिलाच उपाय योजतो. पोते ठासून भरलेले आणि तोंड घट्ट शिवलेले असावे असा त्याचा आग्रह त्यातूनच येतो. कापसाची १७० किलोग्रॅमची दाबलेली गाठ लोखंडी पट्ट्यांमुळे ताठ असते आणि आकड्याने धरता येते. म्हणूनच पोत्याहून जड असूनही ती हाताळणे काही बाबतींत सोपे ठरते. लालबाग-परळच्या कार्यशाळांतील शाडूच्या गणेशमूर्तींना मात्र दोर किंवा आकडा लावताच येत नाही. ती वस्तू ताठ असली तरी ताण सोसत नाही, आणि तेथे माणसांच्या हातांना पर्याय नाही.

कण्यावरचा हिशेब

तीस किलोग्रॅमचे ओझे कण्यापासून चाळीस सेंटीमीटर पुढे धरून वाकलेला माणूस घेऊ. पाठीचे स्नायू मणक्यांपासून जेमतेम पाच सेंटीमीटर अंतरावरून ओढतात. म्हणजे केवळ ओझे तोलण्यासाठी स्नायूंना आठपट, २४० किलोग्रॅम-भार इतके बल लावावे लागते. वाकलेल्या धडाचा स्वतःचा भार त्यात मिळविला, तर कमरेच्या चकत्यांवरील दाब साडेचारशे किलोग्रॅम-भाराच्या पुढे जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सावधगिरीची पातळी म्हणून ३४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३४७ किलोग्रॅम-भार, हा दाब मानला आहे. त्याच संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही शिफारस केलेली मर्यादा २३ किलोग्रॅम आहे. ओझे दूर असेल, जमिनीलगत असेल किंवा उचलताना कंबर वळत असेल, तर ती आणखी खाली येते.

मग शंभर किलोचे पोते डोक्यावर घेऊन चालणारा हमाल मोडून कसा पडत नाही? भार थेट कण्याच्या अक्षावर आला की आघूर्ण जवळजवळ शून्य होते आणि उरतो तो सरळ दाब. तो दाब निरुपद्रवी नसतो. वर्षानुवर्षे सोसल्यास मानेच्या व कमरेच्या मणक्यांची झीज होते. पण तत्काळ धोका असतो तो वाहण्यात नव्हे, जमिनीपासून माथ्यापर्यंतच्या प्रवासात. तो प्रवास एकट्याने होत नाही. कोणीतरी हात लावावा लागतो. माथ्यावरून ओझे वाहणारा तो माथाडी. या कामाची परंपरागत रचना मुकादमाच्या टोळीची आहे, आणि माझ्या मते त्या रचनेला सामाजिक कारणांइतकाच या यांत्रिक सत्याचा आधार आहे.

एकटेपणाचा प्रश्न

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला. कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरण्याची पद्धत आली. या कायद्याची चर्चा बहुधा वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या अंगाने होते. परंतु नोंदणीकृत टोळीच्या कामाला संरक्षण देऊन त्याने दुसऱ्या हाताची सोयही टिकविली, हा मुद्दा उपेक्षित राहिला आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होईल इतके जड ओझे उचलण्यास कोणाला लावू नये असे तत्त्व घातले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅमची मर्यादा आली. ही तत्त्वे कारखान्याच्या दाराशी कशीबशी पोचली. रस्त्यावरील टेम्पोपाशी त्यांची गाठ क्वचितच पडते.

घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत गेले, १९८२ च्या संपानंतर गिरण्या मंदावल्या, आणि मध्य मुंबईतील मालाची ने-आण लहान टेम्पोंवर आली. खेप लहान झाली की टोळी परवडत नाही. चालकच हमाल होतो. अशा चालकाला यंत्राची नव्हे, तर दोन मीटरच्या फळीची, पंधरा मीटर दोराची आणि हौद्यातील एका मजबूत कडीची गरज आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यात अशी कडी बसविण्याचा खर्च नगण्य असतो.

उतरविण्याविषयी एक सूचना येथे आवश्यक आहे, कारण चढविण्यापेक्षा अपघाताची भीती तेथे अधिक असते. फळीवरून खाली येणाऱ्या भाराच्या पुढे, म्हणजे उताराच्या बाजूला, कधीही उभे राहू नये. दोराचा एक वेढा कडीभोवती घेऊन मोकळे टोक हळूहळू सोडत गेल्यास कडीवरील घर्षण भार पेलते आणि माणूस वरच्या बाजूला, हौद्यात, सुरक्षित राहतो. पावसाळ्यात फळी ओली असते, घर्षणांक घटतो आणि वर सांगितलेली दम घेण्याची सवड नाहीशी होते. तेव्हा फळीवर गोणपाट अंथरून ते दोन्ही टोकांना खिळ्यांनी ठोकावे.