न दिसणारा गाळ

पावसाळ्याच्या तोंडावर कुर्ल्यात मिठी नदीच्या काठी पोकलेन उतरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीचे पाणी कुर्ल्यातल्या घराघरांत शिरले, आणि तेव्हापासून नदीतला गाळ उपसणे हा इथल्या रहिवाशांच्या जीवनमरणाचा प्रश्न बनला. ते काम करणारे यंत्र दिवसभर काळ्या चिखलात राबते. हा चिखल त्याला फारसा बाधत नाही. त्याला खरी भीती असते ती तेलात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीची.

पोकलेनचे इंजिन पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, व्हॉल्व्ह त्या तेलाला वाट करून देतो आणि सिलिंडरमधला दट्ट्या बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, उचलतो. वीस टनी यंत्रात तेलाचा दाब साधारण ३५० बारपर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेतीनशे किलोंहून जास्त भार. पंप मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास तेल फिरवू शकतात, टाकीत मात्र बहुधा दीडशे लिटरही नसते. पूर्ण जोरात काम चालू असले की टाकीतले तेल वीस-पंचवीस सेकंदांत बदलते. तेवढ्यात त्याची थोडी उष्णता बाहेर पडायला हवी, हवेचे बुडबुडे वर यायला हवेत, पाणी आणि जड कण तळाशी बसायला हवेत.

म्हणून टाकीत आडवा पत्रा बसवलेला असतो. परत आलेले तेल त्याला वळसा घालूनच पंपाकडे जाते. ते थेट गेले, तर बुडबुडेही सोबत जातात. पंपात दाब वाढताच हे बुडबुडे फुटतात, धातूवर बारीक खड्डे पडतात आणि पंप आत खडी पडल्यासारखा वाजू लागतो.

टाकीतली पातळीही स्थिर नसते. सिलिंडर लांबला की दट्ट्यामागची जागा भरायला जादा तेल लागते, कारण दुसऱ्या बाजूची काही जागा दांड्याने व्यापलेली असते. म्हणून तेल तपासताना यंत्र सपाट जागी, त्याचा हात पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवून उभे करतात. पातळी उतरली की टाकीला श्वास घेऊ देणाऱ्या ब्रीदरमधून हवा आत येते आणि हवेबरोबर धूळही. ब्रीदरची जाळी फाटकी असेल, तर बाकीचे फिल्टर कितीही महागाचे असोत, धूळ आत येतच राहते.

पंपाआधीचा स्ट्रेनर जाड जाळीचा असतो, कारण इथे बारीक जाळी लावली तर थंड, घट्ट तेल वेळेवर पोहोचत नाही आणि पंप उपाशी राहतो. बारीक गाळणी परतीच्या वाटेवर असते. ती साधारण १० मायक्रॉनचे कण अडवते. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा, आणि ४० मायक्रॉनखालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी मात्र काही ठिकाणी जेमतेम पाच-दहा मायक्रॉनच्या. फटीहून मोठा कण आत शिरत नाही, खूप लहान कण तेलाबरोबर निघून जातो. फटीच्याच मापाचा कण मात्र आत घासत राहतो. त्यातून सुटलेला धातू पुढच्या फटीत जातो आणि झीज झिजेला जन्म देते.

फिल्टर तुंबला तरी यंत्र थांबत नाही. दाबाचा फरक वाढला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच टाकीत जाते. बकेट चालू, बूम चालू. ऑपरेटरला काही जाणवतही नाही. फिल्टर बदलणे लांबवून वाचवलेले पैसे त्या दिवशी खिशात दिसतात, पंपाचे बिल नंतर येते.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसराव्यात. पिवळ्या चमकत्या कपच्या दिसल्या, तर पंपातले पितळी भाग झिजत आहेत. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा. काळे रबरी तुकडे सीलचे. तेल दुधाळ झाले असेल, तर पाणी शिरले आहे. यंत्र सुस्त होण्याच्या कितीतरी आधी फिल्टर हे सांगून जातो.

नवे तेलही पुरेसे स्वच्छ असतेच असे नाही. ते गाळूनच भरावे. पावसात उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पाणी साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवले की बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढले जाते. म्हणून पिंप छपराखाली, आडवे ठेवावे.

यंत्रातून काढलेले जुने तेल २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायला हवे, आणि तेलाने भिजलेला फिल्टरही जबाबदारीनेच मार्गी लावायला हवा. ज्या नदीचा गाळ काढायला यंत्र आणले, तिच्याच काठी त्याचे तेल ओतले, तर सगळी मेहनत पाण्यात जाईल.