घाणा निघाला हो!

रिसोडच्या बसस्थानकावर उतरले की गाव आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. कुठे कचोरीची कढई चढलेली असते, कुठे मिरचीचे भजे तेलात सुटत असतात. वास हीच आमच्याकडच्या फराळाच्या दुकानांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाहिरात. वारा बरोबर असला तर ती शंभर पावले जाते, पुढे नाही. मोपच्या, हराळच्या किंवा भर जहाँगीरच्या माणसाला घरबसल्या तो वास यावा कसा? म्हणून दवंडी झाली, छापील पत्रके झाली, भोंगा लावलेला ऑटो झाला. आता ती जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे, आणि दवंडीवाल्याच्या जागी एक यंत्र आले आहे. ते झोपत नाही, थकत नाही आणि मुख्य म्हणजे चहा मागत नाही.

खाण्याच्या दुकानाचा हिशेब इतर दुकानांसारखा नसतो. कापडवाल्याची आज न खपलेली साडी दिवाळीला खपते. कचोरीचे आयुष्य चार तासांचे. बाजार समितीत सोयाबीनची आवक जोरात असली की माल घालून मोकळा झालेला शेतकरी घरच्यांसाठी पुडा बांधून नेतो आणि दुपारीच ताटे रिकामी होतात. आवक नसेल त्या दिवशी तेच तेल, तोच गॅस, तोच कारागीर, आणि संध्याकाळी ताटात गार पडलेला ढीग. गिऱ्हाईक गावातच असते. पण या घटकेला इथे गरम काही उतरले आहे, हे त्याला ठाऊक नसते. तेवढे कळवले तरी निम्मा ढीग हलतो.

हे कळवण्याचे काम यंत्राकडून करून घेण्याचा एक गमतीदार प्रयोग लंडनमध्ये २००९ साली झाला. शोरडिच भागातल्या ‘अल्बियन’ या उपाहारगृहासाठी ‘पोक’ नावाच्या कंपनीने ‘बेकरट्वीट’ ही एक पेटी बनवली. भट्टीतून पाव निघाला की कारागिराने पिठाच्या हातानेच खटका फिरवून पदार्थ निवडायचा आणि बटण दाबायचे. गरम पाव तयार असल्याचा निरोप ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, आपोआप झळकायचा. त्याच्या थोडे आधी, २००८ च्या अखेरीस, लॉस एंजेलिसमध्ये ‘कोगी’ ही कोरियन पद्धतीचे टाको विकणारी गाडी आज कुठे उभी राहणार हे ट्विटरवरून सांगू लागली होती आणि तिच्यापुढे रांगा लागत होत्या. मला लंडनच्या पेटीचे कौतुक वाटते ते तिच्या तंत्रामुळे नव्हे. बटण दाबणारा माणूस भट्टीपाशी उभा होता, म्हणून. पाव निघाल्याशिवाय निरोप निघत नव्हता.

आमच्याकडे ट्विटर काही गल्लीबोळांत रुजले नाही. रुजले ते व्हॉट्सअ‍ॅप. व्यापाऱ्यांसाठी त्याचे वेगळे अ‍ॅप जानेवारी २०१८ मध्ये आले, तेही फुकट. दुकान बंद असताना जाणारे उत्तर, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे, पदार्थांची चित्रांसह यादी, अशी सगळी सोय त्यात आहे. नवा माणूस बोलला, किंवा जुना माणूस चौदा दिवसांच्या शांततेनंतर पुन्हा बोलला, की स्वागताचा मजकूर आपोआप जातो. एका यादीतल्या २५६ जणांना एकदम निरोप धाडता येतो; पण ज्यांनी दुकानदाराचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला आहे त्यांनाच तो पोचतो. ही अट मला मोठी शहाणपणाची वाटते. ज्याने तुमचे नाव लिहून ठेवले आहे, त्याच्याच दारात जाऊन हाक मारायची.

माझ्या नेहमीच्या दुकानात ही सगळी व्यवस्था मालकाच्या पुतण्याने बसवली. पोरगा हुशार. पहिले काही आठवडे आम्हा गिऱ्हाइकांना रोज सकाळी सूर्योदयाचे चित्र आणि सुविचार येऊ लागले. सुविचाराने भूक लागत नाही. लोकांनी निरोप न उघडता सोडून द्यायला सुरुवात केली. मग एक प्रसंग घडला. एका घरी डोहाळजेवण ठरले होते. गुलाबजाम आणि शेवेची मागणी तीन आठवडे आधीच नोंदवलेली. आदल्या दिवशी त्या घरात म्हातारी आजी गेली. नातवाने रात्री दुकानाच्या नंबरवर चार शब्द लिहिले, की आजी वारली, ऑर्डर रद्द करा. मधे तीन आठवडे काही बोलणे नसल्यामुळे यंत्राने नेमाप्रमाणे लगेच उत्तर दिले: आपले हार्दिक स्वागत आहे, आज गुलाबजामवर खास सूट!

सकाळी मालकाने ते पाहिले आणि तसाच पायांत चपला सरकवून त्या घरी गेला. कोणी त्याला काही बोलले नाही. त्या दिवशी शेजारणींबरोबर त्याच्याही घरून पिठले-भाकरी गेली. दुकानात आल्यावर त्याने पहिले काम केले ते स्वागताचा मजकूर बंद करण्याचे. “मशीनले काय समजते सर, सुतक?” एवढेच तो मला म्हणाला. पुतण्या गप्प होता. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. सगळे सांगितल्याप्रमाणेच चालले होते.

दुसऱ्या एका दुकानदाराने याच्याही पुढची उडी मारली. कुठून तरी हजारो नंबरांची यादी आणि एका दमात सगळ्यांना निरोप पाठवणारे स्वस्तातले सॉफ्टवेअर घेतले. असा यांत्रिक मारा व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाही. ७ डिसेंबर २०१९ पासून अशांवर कायदेशीर कारवाई करू, असेही कंपनीने जाहीर केले होते. भारतातली लाखो खाती ती दर महिन्याला बंद करते. अधिकृत मार्गाने मोठ्या संख्येत निरोप पाठवता येतात, पण त्यासाठी मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि पैसे मोजावे लागतात. या दुकानदाराचे खाते भर लग्नसराईत बंद झाले. नंबर पाटीवर रंगवलेला, डब्यांवर छापलेला, आणि लग्नघरांची अर्धी बोलणी त्याच नंबरवर अडकलेली.

निरोपाला आपल्या खेड्यापाड्यांत किती वजन असते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवांमुळे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. कचोरीचा निरोप आणि अफवा यांची बरोबरी मी करत नाही. पण दोन्ही एकाच खिडकीतून घरात येतात, आणि त्या खिडकीवर माणसे फार विश्वास टाकतात.

मला स्वतःला आवडते ती गावातल्या बायकांची रीत. उन्हाळ्यात शेवया, कुरड्या, सरगुंडे करून विकणाऱ्या एक बाई कोणालाच निरोप पाठवत नाहीत. वाळत घातलेल्या सरगुंड्यांचा फोटो तेवढा ‘स्टेटस’ला लावतात. चोवीस तासांनी तो आपोआप पुसला जातो. ज्याला पाहायचे तो पाहतो. आंब्याचा रस घरात आला की नेमकी आठवण होते आणि बायका विचारतात, “ताई, अर्धा किलो ठेवाल का?”

आमच्या कचोरीवाल्याने मोबाइल टाकून दिलेला नाही. यादी आहे, पण निरोप तो स्वतः लिहितो आणि घाणा झाऱ्यावर आल्यावरच लिहितो. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी बाजार सुना होता. त्याने लिहिले, “पाऊस हाय. मुगाचे भजे निघाले. एकच घाणा.” अर्ध्या तासात छत्र्यांची गर्दी झाली. मी पोचलो तेव्हा परातीत चुरा उरला होता. त्याने हात पुसले आणि दुसरा निरोप टाकला: “संपले.”

“हे कायले लिवता?” पुतण्याने विचारले. “संपल्यावर कोण येते?”

“आत्ता निघाले असतीन ते वापस जातीन ना बापा,” मालक म्हणाला, आणि उद्याची डाळ भिजवायला आत गेला.