शाल-श्रीफळापलीकडचा कॅमेरा

ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, कल्याणचं अत्रे रंगमंदिर असो की डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, लेखक-कलावंतांच्या सत्काराला हल्ली एक ठरलेला भाग असतो. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं की दिवे मंदावतात आणि सत्कारमूर्तींवरची ‘छोटीशी फिल्म’ सुरू होते. गावचं कौलारू घर, कॉलेजातला कृष्णधवल फोटो, पुस्तकांची मुखपृष्ठं एकामागून एक, मागे बासरी आणि खर्जातलं निवेदन. मग तीन-चार नामवंत खुर्चीत बसून सांगतात की ते माणूस म्हणूनही तितकेच मोठे आहेत. दिवे लागतात, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं. पण हा माणूस लिहितो म्हणजे नेमकं काय करतो, ही चित्रकार बाई रंग लावते तेव्हा काय घडतं, याचा त्या फिल्ममध्ये पत्ताच नसतो.

अशा फिल्मा करणाऱ्यांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. बजेट तुटपुंजं, कार्यक्रम परवावर आलेला, आणि सत्कार समितीतल्या प्रत्येकाला दोन वाक्यं बोलायची असतात. पण हाच प्रकार कुठवर जाऊ शकतो हे पाहायचं असेल तर मराठीत एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. ते अरुण खोपकर यांचं.

खोपकरांचा जन्म १९४५चा. सिनेमाच्या पडद्यावर ते आधी आले ते नट म्हणून. मोहन राकेश यांच्या ‘आषाढ का एक दिन’ या नाटकावर मणि कौल यांनी १९७१मध्ये चित्रपट केला, त्यात खोपकर कालिदास होते. मल्लिका होत्या रेखा सबनीस. पुढे आयुष्यभर कलावंतांची चित्रं रंगवणाऱ्या माणसाची सुरुवात कवीचं सोंग घेऊन व्हावी हा योगायोगच. पण त्या नाटकातला कालिदास काही देव्हाऱ्यातला कवी नव्हे. राजाश्रयासाठी गाव आणि प्रेम मागे टाकणारा, नंतर ओशाळवाणा होऊन परत येणारा असा तो माणूस. कवीला हार घालण्याआधी त्याच्याकडे नीट पाहायचं असतं, हा धडा त्या भूमिकेतच होता. त्यानंतर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, आणि १९७४मध्ये तिथून दिग्दर्शनाची पदविका.

त्यांचं पहिलं मोठं व्यक्तिचित्र मात्र फिल्मवर नाही, कागदावर आहे. ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक १९८५चं. सिनेमावरच्या सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही पुढे निघाला. गुरुदत्त म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट दारू, प्रेमप्रकरण आणि झोपेच्या गोळ्यांवर येते. खोपकर ‘प्यासा’, ‘कागज़ के फूल’ आणि ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ हे तीन चित्रपट समोर ठेवतात आणि शोकांतिका त्या चित्रपटांत शोधतात. व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यात, प्रकाशाच्या झोतात, गाण्याच्या जागेत, एका चेहऱ्याच्या फार जवळ जाण्यात. माणसाच्या आयुष्यातून कलाकृती समजावण्याऐवजी कलाकृतीतून माणसाकडे जायचं, ही उलटी वाट त्यांनी तेव्हाच धरली. पुढचे सगळे चित्रपट याच वाटेवरचे आहेत, असं माझं मत आहे.

१९९०च्या ‘फिगर्स ऑफ थॉट’मध्ये तीन चित्रकार आहेत: भूपेन खक्कर, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम. या तिघांनी त्या सुमारास काचेवरची चित्रं केली होती. काचचित्राचा व्यवहार इथे जरा समजून घ्यायला हवा. ते काचेच्या मागल्या बाजूने रंगवतात आणि पुढून पाहतात. त्यामुळे क्रम सगळा उलटा होतो. कॅनव्हासवर डोळ्यातला पांढरा ठिपका सर्वांत शेवटी येतो, इथे तो सर्वांत आधी द्यावा लागतो. मग बुबुळ, मग गाल, मग चेहऱ्यामागची भिंत. एकदा रंग बसला की त्याच्या पुढचं काही दुरुस्त करायची सोय नाही. शिवाय कॅमेऱ्यापुढे काच म्हणजे डोकेदुखी: दिवा त्यात दिसतो, कॅमेरामन दिसतो, खिडकीही दिसते. सिनेमावाल्यासमोरचा प्रश्न मग ‘चित्रकाराबद्दल काय सांगू’ असा राहत नाही. समोरची वस्तू दाखवायची कशी, हाच प्रश्न होतो आणि त्याच्या उत्तरातून सिनेमाची शैली ठरते.

चित्रावरच्या सिनेमाची मूळ अडचणही तीच. चित्र एका जागी थांबलेलं, सिनेमा चालता. चित्रासमोर आपण उभे राहतो तेव्हा डोळा कुठून कुठे फिरवायचा हे आपलं आपण ठरवतो, कॅमेरा आला की तो ठरवतो. हातभर चित्र आणि भिंतभर चित्र पडद्यावर सारखंच मोठं होतं. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोने १९५६मध्ये पिकासोवर चित्रपट करताना यावर नामी तोड काढली. रंग पाझरणाऱ्या कागदावर पिकासो एका बाजूने रेखाटतो, कॅमेरा दुसऱ्या बाजूला, त्यामुळे चित्रकाराचा हात मध्ये न येता रेघ आपोआप उमटत जाते. सत्यजित राय यांनी १९७२मध्ये ‘द इनर आय’ केला तेव्हा विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी गेलेली होती. दृष्टी गमावलेल्या चित्रकाराबद्दल राय ज्या संयमाने बोलतात, तो अजूनही कुणी ओलांडलेला नाही. खोपकरांना या घराण्यात बसवलं तर ते शोभतात. ‘कलर्स ऑफ अॅब्सेन्स’ (१९९३) हा त्यांचा जहांगीर साबावाला यांच्यावरचा चित्रपट. साबावाला पॅरिसला आंद्रे लोत यांच्याकडे शिकले, घनवाद पचवला आणि नंतर त्याचे कोपरे हळूहळू विरघळवत नेले. समुद्र, क्षितिज, लांबवर चाललेल्या एक-दोन आकृती, आणि एका रंगातून दुसऱ्यात जाताना मोजता येणार नाहीत अशा छटा. या चित्रांवर भडक निवेदन चढवलं असतं तर सगळंच बुडालं असतं. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मधल्या काळात लीला सॅमसन यांच्या भरतनाट्यमवर ‘संचारी’ (१९९१) झाला, आणि पुढे हिंदुस्थानी संगीतावर ‘रसिकप्रिया’. नृत्य आणि संगीत हे मुळातच काळात चालणारे प्रकार, त्यामुळे सिनेमाशी त्यांचं जमायला तितके कष्ट पडत नाहीत. (मराठी रसिकाने या रांगेत नंदन कुध्याडी यांचा मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरचा ‘रसयात्रा’ आणि जब्बार पटेल यांचा कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’ विसरू नये.) ‘कथा दोन गणपतरावांची’ हा खोपकरांचा कथापट १९९६चा. गोगोलच्या दोन भांडखोर शेजाऱ्यांना त्यांनी मराठी मातीत आणलं. दिलीप प्रभावळकर आणि मोहन आगाशे ही जोडी असूनही त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो २००२चा ‘नारायण गंगाराम सुर्वे’. शीर्षकात कवीचं नाव शाळेच्या दाखल्यावर असतं तसं, बापाच्या नावासकट पूर्ण आहे. हा बाप गिरणी कामगार. रस्त्यावर टाकलेलं पोर उचलून त्याने घरी आणलं, आपलं नाव दिलं, आडनाव दिलं, शाळेत घातलं. नारायण चौथी पास झाला आणि गंगाराम गिरणीतून सुटून कोकणात गावी गेले. पोरगा मुंबईत एकटा राहिला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, हमाल, महापालिकेच्या शाळेतला शिपाई आणि अखेर मास्तर, असा तो प्रवास. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२मध्ये आला, ‘माझे विद्यापीठ’ १९६६मध्ये. पुढे परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, पद्मश्री. ही गोष्ट इतकी भरलेली आहे की गौरवपट करणाऱ्याला आयतंच ताट वाढलेलं. अनाथ पोर ते संमेलनाध्यक्ष, मागे बासरी लावली की झालं.

खोपकर इथे नट घेतात. तरुण सुर्वे झाले आहेत किशोर कदम, म्हणजे स्वतःच कवी असलेले ‘सौमित्र’. कवीच्या कविता दुसऱ्या कवीच्या तोंडून, त्याच्या अंगातून येतात. माहितीपटात नट आणणं हा धोक्याचा खेळ आहे, एक पाऊल चुकलं की दूरदर्शनच्या जुन्या प्रायोजित मालिकेची कळा येते. पण सुर्वे यांची कविता मुळात बोलणारी. तिच्यात पात्रं आहेत, संवाद आहेत, कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय. ती कविता वाचून दाखवण्यापेक्षा वठवून दाखवणं तिच्याशी जास्त इमानी आहे. काचचित्रासाठी एक रीत, साबावालांच्या धुक्यासाठी दुसरी आणि सुर्व्यांच्या रस्त्यासाठी तिसरी. विषयागणिक सिनेमाची रीत बदलत जाते, आणि खोपकरांचं खरं कसब मला यात दिसतं. या चित्रपटाला ५०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य चित्रपटांसाठीचं सुवर्णकमळ मिळालं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हा चित्रपट वेगळा दिसतो, तो का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. लालबाग-परळची खोली विकून किंवा भावाला सोडून किती कुटुंबं या बाजूला आली! कुणी दिव्याला, कुणी कल्याण पूर्वेला, कुणी थेट बदलापूरला. सुर्व्यांनी लिहिलेलं गिरणगाव असं मध्य रेल्वेने सरकत सरकत इथे आलं आहे. त्यांची स्वतःची अखेरची वर्षंही कर्जतच्या लाइनवर, नेरळला गेली. १६ ऑगस्ट २०१०ला ते गेले ते ठाण्यात. त्याच वर्षी डिसेंबरात ठाण्यात साहित्य संमेलन भरलं.

आपल्या जिल्ह्याशी जोडलेला दुसरा चित्रपट म्हणजे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यावरचा ‘व्हॉल्यूम झिरो’ (२००८). खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५मध्ये मांडली आणि आज आपल्यातले कितीजण रोज ठाण्याहून वाशी-पनवेलची लोकल पकडून त्या कल्पनेत नोकरीला जातात. कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं ते १९८०च्या दशकात. साधारण सात घरं आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती, तीन अंगणांना मिळून एक मोठं अंगण, आणि कुणाच्याही घराची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली नाही. म्हणजे पैसे हातात येतील तशी आपली खोली वाढवा, शेजाऱ्याची परवानगी लागणार नाही. लोकांनी घरं वाढवली, काहींनी तर पाडून नवी बांधली. कोरियांच्या विचारात माथ्यावरचं उघडं आकाश हा इमारतीचाच भाग. इमारतीची चित्रफीत काढणं सोपं, बिल्डरची जाहिरात तेच करते. पण माणूस अंगणातून ओसरीत आणि ओसरीतून खोलीत जातो तेव्हा उजेड कसा बदलतो, हे दाखवायला सिनेमाच लागतो, फोटो पुरत नाही.

मराठी लेखकांपैकी खोपकरांनी पडद्यावर आणलेलं ठळक नाव सुर्व्यांचंच, याची मला चुटपुट आहे. डोंबिवलीत पु. भा. भावे राहिले, शं. ना. नवरे राहिले. शन्नांची गोष्ट म्हणजे दोन माणसांच्या बोलण्यातल्या गाळलेल्या जागा, त्या पडद्यावर कशा आणाव्यात हे खोपकरांसारख्याने सोडवून पाहायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी नंतर लेखणीवर भर दिला. ‘चित्रव्यूह’ आणि ‘चलत्-चित्रव्यूह’ ही पुस्तकं आली आणि ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सिनेमावाल्याला मराठी गद्यासाठी हा मान मिळतो तेव्हा साहित्यवाल्यांनीही त्याच्या वाक्याकडे पाहावं. दृश्य आधी येतं, मत मागून, आणि विशेषणं जपून वापरलेली.

राहता राहिला हे चित्रपट पाहायचे कुठे हा प्रश्न. ते तिकीटबारीवर येत नाहीत. फिल्म सोसायट्या आणि महोत्सव बहुतेक मुंबईत. संध्याकाळच्या खेळासाठी डोंबिवलीहून पेडर रोड गाठायचा म्हणजे ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी, आणि परतताना शेवटच्या गाड्यांपैकी एक. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. दोन्ही संस्थांकडे लेखकांना बोलावण्याची जुनी सवय आहे, सभागृहाची आणि श्रोत्यांचीही वाण नाही. रीतसर परवानगी काढून वर्षातून एकदा ‘नारायण गंगाराम सुर्वे’ दाखवायला आणि नंतर गिरणगावातून इकडे आलेल्या चार जुन्या कामगारांना बोलतं करायला पाहुण्यांच्या मानधनाइतकाही खर्च यायचा नाही. त्या दिवशी फक्त सत्कार ठेवू नये.