सोमनाथच्या आईने नाकारलेले दहा लाख

सोमनाथ सूर्यवंशी वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. तो मराठवाड्यातला, वडार समाजाचा. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दगड फोडून दुसऱ्यांची घरे, रस्ते आणि धरणे उभी केली, त्या समाजातला हा तरुण परभणीत कायद्याचे शिक्षण घेत होता. उद्या तो आमचा वकीलबंधू झाला असता. पण अंगावर काळा कोट चढण्याआधीच त्याचे शव शवविच्छेदनाच्या टेबलावर गेले.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी वस्त्यांमध्ये धरपकड केली. पकडलेल्या तरुणांत सोमनाथही होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी आणि १५ डिसेंबरला मृत्यू! छातीत दुखू लागले असे सांगण्यात आले. शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय मात्र म्हणाला, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मग या जखमा आल्या कोठून? संविधानाच्या सन्मानासाठी बौद्धवस्ती रस्त्यावर उतरते हे नवीन नाही. पण या वेळी प्राण गेला तो वडाराच्या पोराचा. संविधान एका जातीचे आहे असे म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते?

शासनाने दहा लाखांची मदत जाहीर केली. सोमनाथची आई विजयाबाई यांनी ती नाकारली. ज्या घरात कष्टाशिवाय चूल पेटत नाही, त्या घरातल्या माउलीने दहा लाखांकडे पाठ फिरवली आणि न्यायालयाची पायरी चढली. अॅड. प्रकाश आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासनच सर्वोच्च न्यायालयात गेले! ३० जुलैला तेथेही शासनाची डाळ शिजली नाही.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून सोमनाथने जे वाचले असते, ते आज आपण वाचले पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करायची असते. सोमनाथच्या प्रकरणात ती झाली आणि ठपका पोलिसांवर आला. पण अहवाल आल्यावर पुढे काय करायचे, हे ते कलम सांगत नाही. म्हणूनच अहवाल हाती असूनही आईला साध्या गुन्ह्याच्या नोंदीसाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. ज्या आईला वकील मिळत नाही, तिच्या मुलाचा अहवाल कपाटातच राहतो.

आणि गुन्हा नोंदला म्हणजे न्याय झाला असे समजू नका. आम्ही दहिसरकर मुंबईच्या उपनगरात राहतो. याच उपनगरात २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बॉम्बस्फोट झाला. त्यात संशयित म्हणून परभणीचाच ख्वाजा युनुस हा २७ वर्षांचा अभियंता पकडला गेला आणि जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातूनच नाहीसा झाला. पोलीस म्हणाले, तो पळून गेला. कोठडीतील मृत्यूचे सत्य बाहेर आले ते त्याची आई आसिया बेगम लढली म्हणून. खटला उभा राहिला. पण वीस वर्षे उलटली तरी निकाल लागला नव्हता. एकाच परभणीच्या दोन माता, एक मुसलमान आणि एक वडार, आणि दोघींच्या वाट्याला तोच उंबरठा!

म्हणून बंधू-भगिनींनो, सोमनाथच्या फोटोला हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. विजयाबाईंच्या खटल्याची प्रत्येक तारीख ही चळवळीची तारीख झाली पाहिजे. साक्षीदारांना आधार हवा, वकिलांची फळी हवी, आणि अहवाल येताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक करणारी दुरुस्ती हवी. त्या माउलीने दहा लाख नाकारून आपली बाजू सांगितली आहे. आता आपण आपली सांगायची आहे.

जय भीम! जय संविधान!