तिखट: चव की दाह?
आयुर्वेदाने षड्रसांत गणलेला कटू, म्हणजे तिखट, हा रस शरीरशास्त्राच्या दृष्टीने चव नसून दाह आहे. कारण मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य चव ओळखणाऱ्या रुचिकलिकांवर नव्हे, तर मज्जातंतूंवरील अशा ग्राहकावर, म्हणजे विशिष्ट उद्दीपन टिपणाऱ्या प्रथिनावर, क्रिया करते, जो एरवी सुमारे 43 अंश सेल्सिअसपुढील उष्णतेने जागा होतो. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तो शोधला. उष्णतेचा आणि मिरचीचा संदेश मेंदूकडे एकाच वाटेने जात असल्यामुळे गार ठेच्यानेही तोंड खरोखर भाजल्यासारखे वाटते, घाम फुटतो, आणि विलक्षण हे की, ही फसगत ठाऊक असूनही टळत नाही. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नसल्याने पाण्याने आग शमत नाही. दुधाने मात्र ती उतरते.