कच्ची मुले आणि जादा तास

तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत दहावी झालेला एक मुलगा अकरावीच्या विज्ञान वर्गात येऊन बसतो. गणितात गुण चांगले. फळ्यावर ‘व्हेलॉसिटी’ उमटते, मग ‘ॲक्सेलरेशन’. आता वेग आणि त्वरण त्याला ठाऊक आहेत बरे का! त्यांची उदाहरणे त्याने शाळेत सोडविली आहेत. पण ओळखीचा माणूस परक्या वेषात समोर यावा, तसे त्याचे होते. तो गप्प बसतो. पंधरवड्यात ‘कच्चा’ म्हणून शिक्का बसतो, आणि असा मुलगा दिवाळीला गावी गेला, की पुष्कळदा परततच नाही.

अशांसाठी कॉलेजे जादा तास ठेवतात. मीही कैक वर्षे घेतले. पुन्हा तेच व्याकरण, पुन्हा तेच अपूर्णांक. फक्त आवाज चढलेला. मुले पेंगत, आणि दोष मी त्यांना देई.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने 1970 साली शहरातल्या शाळा उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला केला. गरीब वस्त्यांतली मुले मोठ्या संख्येने आली. तिथल्या सिटी कॉलेजात मीना शॉनेसी नावाच्या बाई लेखन शिकवीत. नव्या मुलांचे चारएक हजार निबंध त्यांनी बारकाईने वाचले आणि 1977 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या चुका बेफिकिरीच्या नसतात; चुकणारा आपल्या समजुतीने कुठलातरी नियमच पाळत असतो.

आपल्याकडचेच पाहा ना. मुलगा लिहितो, ‘ही डिड नॉट वेन्ट’. आपण लाल रेघ ओढतो. पण ‘तो गेला नाही’ म्हणताना मराठीत भूतकाळ ‘गेला’ या शब्दातच असतो. त्याने तोच इमानाने इंग्रजीत नेला. हे त्याला दाखवा, म्हणजे चूक कुठून आली ते त्याचे त्यालाच उमगते. दुसरा मुलगा 1/2 आणि 1/3 यांची बेरीज 2/5 लिहितो. वरचे अंक वरच्यांत, खालचे खालच्यांत. त्याला नियम सांगू नका. एवढेच विचारा, की अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्धीहून कमी कशी झाली? तो हसतो आणि पुन्हा आकडे मांडू लागतो.

दुसरा प्रश्न, ही मदत केव्हा द्यायची? कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांच्या सामुदायिक कॉलेजांत पूर्वी परीक्षा घेऊन ‘कच्च्यां’ना आधी वेगळ्या वर्गांत बसवीत. त्या पायऱ्या चढता चढताच पुष्कळजण गळत. 2017 साली कायदा झाला: शाळेतले गुण पाहा, शक्यतो सरळ मुख्य वर्गातच बसवा आणि मदत सोबतीने द्या. तो अमलात आल्यावर मुख्य विषय पुरा करणारे खूप वाढले. सगळेच तरले असे नव्हे. नापास होणारेही होतेच.

तुमच्या घरी दहावीची परीक्षा दिलेले मूल असेल, तर सुट्टीत एक वही करायला सांगा. एका बाजूला बल, संवेग, कार्य. समोर फोर्स, मोमेंटम, वर्क. नुसती घोकंपट्टी नको. रोज तीन शब्द घ्या आणि त्यालाच म्हणा, ‘हे मला मराठीत समजावून सांग पाहू.’ अडला तर रागावू नका. कुठे अडला, तेवढे त्याच पानावर टिपून ठेवा. ते पान कॉलेजातल्या गुरुजींना फार उपयोगी पडेल.